डिकन्सचे प्रश्न बरोबर होते, मग तो चुकला कुठे?

मागच्या वेळी संशोधन आराखड्यावर लिहिलं तेव्हा दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला. गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलून आणलेली माहिती प्रबंधात पुरावा म्हणून चालते का? आरआरसीत कुणी विचारलं, ‘याला आधार काय?’ तर काय सांगायचं?

याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. त्याऐवजी आज एक निबंध घेऊ आणि त्याची नीट चिरफाड करू. निबंध डिसेंबर १८५४ मधला, लेखक चार्ल्स डिकन्स, आणि विषय उत्तर ध्रुवाकडे जाऊन हरवलेली इंग्रजांची दोन आरमारी जहाजं. तुम्ही म्हणाल, मस्तगडात बसून हिला बर्फातली जहाजं कुठून सुचली! सुचली त्याला कारण आहे, पण ते शेवटी सांगते. आधी प्रकरण काय होतं ते बघू.

१९ मे १८४५ रोजी सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन इंग्लंडहून निघाले. कॅनडाच्या वरच्या बाजूने, बर्फाळ बेटांच्या मधून पॅसिफिककडे जाणारा वायव्य जलमार्ग शोधायचा होता. जहाजं मजबूत होती, दोन्ही अंटार्क्टिकाची सफर करून आलेली. त्यांत वाफेची इंजिनं बसवली होती, तीन वर्षं पुरेल एवढं अन्न भरलं होतं, त्यात डबाबंद मांसाचे हजारो डबे. ग्रीनलंडहून पाच जण परत पाठवले, उरले १२९. जुलै १८४५ च्या अखेरीस बॅफिनच्या उपसागरात देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांनी त्यांना पाहिलं. त्यानंतर कुठल्याही युरोपीय माणसाला ते जिवंत दिसले नाहीत.

शोधमोहिमा कितीतरी निघाल्या. १८५० मध्ये बीची बेटावर तीन खलाशांच्या कबरी सापडल्या, म्हणजे पहिला हिवाळा तिथे गेला होता एवढं कळलं. पुढे काय झालं याचा पत्ता नाही.

पहिली बातमी आणली जॉन रे यांनी. हे हडसन्स बे कंपनीत नोकरीला असलेले डॉक्टर, ऑर्क्नी बेटांवरचे, बर्फात पायी शेकडो मैल तुडवणारे. १८५४ मध्ये ते दुसऱ्याच कामासाठी, किनाऱ्याची मोजणी करायला गेले होते. तिथे एका इनुइट माणसाच्या डोक्याला त्यांना सोनेरी फीत दिसली. चौकशी केली, मग आणखी माणसांशी बोलले. कळलं ते असं: काही वर्षांपूर्वी सुमारे चाळीस गोरे लोक होडी ओढत दक्षिणेकडे जाताना दिसले होते. पुढे त्यांतल्या तिसेक जणांची प्रेतं एका नदीच्या मुखाजवळ सापडली. आणि त्या प्रेतांची व तिथल्या भांड्यांची अवस्था अशी होती की उपासमारीने गांजलेल्या त्या माणसांनी शेवटी आपल्याच मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं असावं. रे यांनी इनुइटांकडून चांदीचे चमचे, काटे, खुद्द फ्रँकलिन यांचं मानचिन्ह विकत घेतलं आणि अहवाल आरमार खात्याला दिला. ऑक्टोबरमध्ये तो वर्तमानपत्रात छापून आला.

लंडनमध्ये काय झालं असेल याची कल्पना करा. राणीच्या आरमारातले अधिकारी आणि नरमांसभक्षण! फ्रँकलिन यांच्या पत्नी लेडी जेन संतापल्या. आणि डिकन्सने स्वतः संपादन करत असलेल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकात ‘द लॉस्ट आर्क्टिक व्हॉयेजर्स’ नावाचा दोन भागांचा निबंध लिहिला.

आता हा निबंध आज वाचताना आपण पटकन म्हणून टाकतो, वसाहतवादी होता, वंशवादी होता, सोडा. तो तसा आहेच. इनुइटांबद्दल, एकूणच ज्यांना तो ‘रानटी’ म्हणतो त्यांच्याबद्दल, त्याने जे लिहिलंय ते वाचवत नाही. उलट त्यांनीच गोऱ्यांना मारलं नसेल कशावरून, असंही तो सुचवतो. पण एवढ्यावर निबंध बाजूला ठेवलात तर तुमचंच नुकसान आहे. कारण पुराव्याची छाननी कशी करावी याचे जे प्रश्न तो विचारतो, ते पहिल्या नजरेत अगदी पद्धतशास्त्राच्या पुस्तकातले वाटतात.

तो विचारतो: हे ज्यांनी सांगितलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं का? नव्हतं. रे यांनीच मान्य केलंय की त्यांना भेटलेल्या इनुइटांनी दुसऱ्यांकडून ऐकलं होतं. तो विचारतो: दुभाष्या कितपत विश्वासू? ऐकणाऱ्याला काय हवंय हे बघून तो तिखटमीठ लावत नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे, फिल्डवर्क केलेल्या कुणालाही विचारा. तो विचारतो: प्रेतांची नासधूस झाली होती हे खरं धरलं तरी ती माणसांनीच केली याला पुरावा काय? तिथे हिंस्र जनावरं नाहीत का?

यातला एकही प्रश्न चुकीचा नाही. मी परीक्षक असते तर मीही विचारले असते.

मग घोळ कुठे आहे? निबंधाच्या दुसऱ्या भागात. तिथे डिकन्स दुसरी बाजू मांडायला घेतो, म्हणजे शिस्तीत वाढलेले इंग्रज नाविक असं करणारच नाहीत हे सिद्ध करायला. त्यासाठी तो पुरावा काय देतो? जुन्या सफरींची, जहाजफुटीची वर्णनं. कॅप्टन ब्लाय उघड्या होडीतून वाचला ती हकिगत, स्वतः फ्रँकलिन यांच्या पहिल्या खुष्कीच्या मोहिमेचा वृत्तान्त. हे वृत्तान्त लिहिले कुणी? बहुतेक त्या त्या मोहिमेच्या प्रमुखांनी किंवा वाचून परत आलेल्यांनी. म्हणजे ज्यांची अब्रू पणाला लागलेली, त्यांनीच. इथे डिकन्स विचारत नाही की लिहिणाऱ्याने काय लपवलं असेल. इथे त्याला ‘ऐकीव’ हा शब्द आठवत नाही. छापलेलं पुस्तक हातात आलं की त्याची सगळी चिकित्सा झोपी जाते.

साधनचिकित्सा तो करतो, पण एकाच दिशेने. आणि एकाच दिशेने केलेली चिकित्सा म्हणजे वकिली. (वकिली वाईट नाही, पण ती संशोधन म्हणून खपवू नये.) डिकन्सच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी: रे यांनी दिलेलं उत्तर त्याने त्याच साप्ताहिकात छापलं. आपल्याकडची किती नियतकालिकं एवढं करतात, ते तुम्हीच मोजा.

आता दुसऱ्या साधनाकडे या, ज्याच्यापुढे सगळे मान तुकवतात. लेडी जेनने पैसे उभे करून ‘फॉक्स’ नावाचं छोटं जहाज कॅप्टन मॅक्लिंटॉक यांच्या हाताखाली पाठवलं. १८५९ मध्ये त्यांच्या तुकडीतल्या हॉब्सन यांना किंग विल्यम बेटावर दगडांच्या ढिगात एक कागद मिळाला. आरमाराचा छापील नमुना. त्यावर दोन नोंदी. पहिली २८ मे १८४७ ची: सगळं ठीक. दुसरी त्याच कागदाच्या कडेने गोल फिरवत लिहिलेली, २५ एप्रिल १८४८ ची: जहाजं १२ सप्टेंबर १८४६ पासून बर्फात अडकली होती, २२ एप्रिलला सोडून दिली, फ्रँकलिन ११ जून १८४७ ला वारले, आजवर नऊ अधिकारी आणि १५ माणसं मेली, उरलेले १०५ जण क्रोझियर यांच्या नेतृत्वाखाली उद्या बॅकच्या नदीकडे निघणार.

मोहिमेचा शेवट सांगणारा लेखी कागद म्हणावा असा हा एवढाच. साहजिकच तो पायाचा दगड झाला. पण जरा निरखून वाचा. पहिल्या नोंदीत लिहिलंय की बीची बेटावरचा हिवाळा १८४६-४७ मध्ये काढला. हे साफ चूक आहे. बीचीवरच्या कबरींवर १८४६ च्या पहिल्या महिन्यांतल्या तारखा आहेत, तो हिवाळा १८४५-४६ चाच असणार. अधिकाऱ्यांनी सह्या केलेल्या अधिकृत नमुन्यावर वर्षच चुकलंय! आणि जे महत्त्वाचं ते कागदात नाहीच. अधिकारी एवढ्या मोठ्या प्रमाणात का मेले? शिकार मिळण्याची शक्यता म्हणून नदीकडे निघाले की मदतीच्या आशेने? एक अक्षर नाही.

गंमत बघा. कागदात चूक निघाली म्हणून कुणी म्हणालं नाही की अख्खा कागद टाकून द्या. इतिहासकारांनी ती चूक दुरुस्त केली, बाकीचं वापरलं. हीच सवलत इनुइट सांगणाऱ्यांना मिळाली असती तर? त्यांच्या कथनात एक तपशील जुळला नाही की अख्खं कथन बाद. हा दुटप्पीपणा डिकन्सपुरता नव्हता, आणि तेव्हापुरताही नाही.

नरमांसभक्षणाचं काय झालं ते थोडक्यात. १९८१ मध्ये ओवेन बीटी यांना किंग विल्यम बेटावर सापडलेल्या हाडावर सुरीचे व्रण दिसले. १९९७ मध्ये ॲन कीनलीसाइड आणि सहकाऱ्यांनी एरेबस उपसागराजवळच्या जागेवरच्या हाडांचा अभ्यास छापला. त्यांतल्या बऱ्याच हाडांवर धारदार पात्याच्या खुणा होत्या, जनावराच्या दातांच्या नव्हेत. २०२४ मध्ये तर डीएनएवरून एका जबड्याची ओळख पटली: एरेबसचे कॅप्टन जेम्स फिट्झजेम्स. त्या जबड्यावरही कापल्याच्या खुणा. रे यांना भेटलेल्या माणसांनी ऐकीव सांगितलं होतं, दुभाष्यामार्फत सांगितलं होतं, आणि खरं सांगितलं होतं.

जहाजांचं प्रकरण याहून मजेशीर आहे, इथे मला जरा रेंगाळायचंय.

१८६० च्या दशकात चार्ल्स फ्रान्सिस हॉल नावाचा अमेरिकन गृहस्थ तिकडे गेला. शिक्षण बेताचं, आरमाराशी संबंध नाही, पण एक गोष्ट त्याने केली जी भल्याभल्यांनी केली नव्हती. इबिअरबिंग आणि टूकुलिटो या इनुइट दांपत्याला दुभाषे म्हणून बरोबर घेऊन तो वर्षानुवर्षं त्या लोकांत राहिला आणि कोण काय बोललं ते वह्याच्या वह्या लिहीत गेला. रे यांनी अनेकांचं ऐकून एकच सारांश लिहिला होता. सारांशात सांगणारी माणसं विरघळून जातात, कोणाचं वाक्य कुठलं ते उरत नाही. हॉलच्या वह्यांत माणसं राहिली. त्या वह्या आज स्मिथसोनियनकडे आहेत.

हॉलला कळलं की एक जहाज दक्षिणेला, इनुइट ज्याला ऊटगूलिक (आजचं उतजुलिक) म्हणत त्या भागात आलं होतं. पुढे १८७९ मध्ये श्वाटकाच्या मोहिमेला पुहतूराक नावाचा म्हातारा भेटला. तो स्वतः त्या जहाजावर चढला होता. आत बिछान्यावर एक मेलेला गोरा माणूस होता. आत शिरायची वाट न कळल्याने लोकांनी जहाजाच्या बाजूला भोक पाडलं, उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर पाणी शिरलं आणि जहाज बुडालं, पण डोलकाठ्यांची टोकं पाण्यावर दिसत राहिली.

शेवटचं वाक्य परत वाचा. डोलकाठ्या वर दिसत राहिल्या, म्हणजे पाणी उथळ होतं. पुहतूराकला खोली मोजायची नव्हती, तो फक्त दिसलं ते सांगत होता. पण त्याच्या सांगण्यात मोजमाप आहे. मौखिक साधन वाचायचं ते असं. सांगणारा काय सिद्ध करू पाहतोय त्यापेक्षा तो सहज काय बोलून जातोय तिकडे लक्ष ठेवायचं.

१९९१ मध्ये डेव्हिड वुडमन यांनी ही सगळी कथनं शेजारीशेजारी ठेवून एक पुस्तक केलं. जोआ हेवन या वस्तीतले इनुइट इतिहासकार लुई कामूकाक यांनी उभ्या आयुष्यात आपल्या म्हाताऱ्यांकडून हकिगती गोळा केल्या. कॅनडा सरकारने जहाजं सापडायच्या आधीच, १९९२ मध्ये, त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ जाहीर करून टाकलं होतं, कुठे आहेत ते माहीत नसताना! २००८ पासून पार्क्स कॅनडाने पद्धतशीर शोध घेतला. सप्टेंबर २०१४ मध्ये एका बेटावर पुरातत्त्वज्ञांना घेऊन उतरलेल्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला जहाजाचा एक लोखंडी भाग दिसला, त्याच्या आसपास सोनार फिरवला आणि ‘एरेबस’ सापडलं. उतजुलिकच्याच भागात. सुमारे ११ मीटर पाण्यात.

‘टेरर’ची गोष्ट दोन वर्षांनंतरची. आर्क्टिक रिसर्च फाउंडेशनचं ‘मार्टिन बर्गमन’ हे जहाज उत्तरेकडे शोधाला चाललं होतं. त्यावर जोआ हेवनचे सॅमी कोगविक कामाला होते. त्यांनी सहज सांगितलं की काही वर्षांपूर्वी शिकारीला जाताना टेरर बे नावाच्या खाडीत बर्फातून एक खांब वर आलेला दिसला होता. फोटो काढले होते, पण परतीच्या वाटेवर कॅमेरा हरवला. अपशकुन वाटला, म्हणून कुणाला बोलले नाहीत. जहाज वळवलं. ३ सप्टेंबर २०१६ रोजी त्या खाडीत २४ मीटर खोलीवर ‘टेरर’ उभंच्या उभं, शाबूत सापडलं. खाडीचं नाव आधीपासूनच टेरर बे होतं! एवढी वर्षं तिथे कुणी नीट बघितलं नव्हतं.

इथपर्यंत वाचून तुमच्या मनात एक छान वाक्य तयार झालं असेल. ‘इनुइटांना सगळं माहीत होतं, गोऱ्यांनी ऐकलं नाही.’ हल्ली माहितीपटांतून, वर्तमानपत्रांतून हेच वाक्य फिरतं. मला ते डिकन्सच्या निबंधाइतकंच आळशी वाटतं. रागावू नका, सांगते.

एक तर ‘इनुइट’ नावाच्या कुणा एका माणसाने हे सांगितलेलं नाही. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या दुभाष्यांमार्फत सांगितलं, आणि ते सगळं एकमेकांशी जुळत नाही. काही कथनांत दुसरं जहाज बर्फाने चिरडून झटक्यात बुडालं असं येतं. ‘टेरर’ ज्या स्थितीत सापडलं त्यावर चिरडल्याची कळा नाही. मग कथन चुकलं, की ते दुसऱ्या कशाबद्दल होतं, की भाषांतरात काही हललं? याचं उत्तर शोधायला बसावं लागतं. ‘त्यांना सगळं माहीत होतं’ म्हटलं की बसायची गरजच संपते.

दुसरं, नावांचा गुंता. इनुइट कथनांत ‘अग्लूका’ नावाचा गोऱ्यांचा म्होरक्या वारंवार येतो. भुकेलेल्या माणसांना घेऊन चाललेला, वाटेत भेटलेल्या कुटुंबांकडून सीलचं मांस घेणारा. हा क्रोझियर असावा असं सहसा मानतात, कारण तरुणपणी तिकडे गेलेला असताना त्याला हे नाव मिळालं होतं. पण जॉन रे यांनाही अग्लूकाच म्हणत! म्हणजे कथनात अग्लूका आला की कोणता, हे दरवेळी ठरवावं लागतं. आपल्याकडे मराठवाड्यात म्हातारी माणसं ‘साहेब आला होता’ म्हणतात. कोण साहेब? निजामाचा तालुकदार, नंतरचा तहसीलदार, पाझर तलावाचा ओव्हरसिअर की बँकेचा माणूस? सगळे साहेबच. कथन खोटं नसतं, पण साहेब ओळखायचं काम तुमचं असतं.

आणि तिसरं, ‘त्यांना माहीत होतं’ म्हणताना आपण नकळत त्या माणसांचं सांगणं निसर्गात पडलेल्या वस्तूसारखं करून टाकतो, नुसतं उचलायचं. पुहतूराक साक्षीदार होता, रे यांना भेटलेले लोक नव्हते. कामूकाक तर संशोधक होते, आयुष्यभर तुलना करत बसलेले. तिघांना एका पोत्यात भरणं हा काही आदर नव्हे.

जाता जाता प्रयोगशाळेबद्दल एक गोष्ट, कारण काही जणांना वाटतं की हाडं-बिडं तपासली की वाद मिटतो. १९८० च्या दशकात बीटी यांच्या पथकाने बीची बेटावरच्या तीन कबरी उघडल्या. बर्फामुळे देह जसेच्या तसे होते. त्यांत शिशाचं प्रमाण खूप निघालं. डब्यांच्या झाळणातलं शिसं अन्नात उतरलं, विषबाधा झाली, मोहीम बुडाली, असं चित्र उभं राहिलं आणि अजून कितीतरी ठिकाणी तेच सांगितलं जातं. पण २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात आधी मेलेल्यांच्या आणि नंतर मेलेल्यांच्या हाडांची तुलना केली, तर उशिरा मेलेल्यांत शिसं जास्त असायला हवं होतं तसं काही दिसलं नाही. शिसं होतं, पण त्यानेच घात केला असं म्हणता येईना. पहिल्यांदा मोजताना तुलना कशाशी करायची हा प्रश्न मागे राहिला होता. म्हणजे तीच छाननी यंत्राच्या आकड्यालाही हवी.

आता माझ्याकडे येते.

माझं काम जालना शहरातल्या जुन्या पाण्याच्या जागांवर आहे. मी मस्तगडला राहते, त्यामुळे सुरुवात घराजवळून केली. इथल्या किल्ल्याबद्दल गॅझेटिअर सांगतं की आसफजाहच्या हुकमाने काबिल खानाने तो १७२५ मध्ये बांधला, दरवाजावर फारसी शिलालेख आहे. हे मी पहिल्या प्रकरणात डोळे मिटून लिहिलं. गॅझेटिअर लिहिणाऱ्याने स्वतः शिलालेख वाचला का, कुणाकडून वाचून घेतला, ते विचारायचं मला सुचलं नाही. छापलेलं होतं ना!

पहिल्याच वर्षी मी एका आजींकडे गेले होते. त्या म्हणाल्या, त्यांच्या वाड्यामागे आड होता, गोड पाण्याचा, आळीतल्या बाया तिथूनच पाणी शेंदायच्या. दुष्काळात आटला, मग त्यात दगडमाती टाकून बुजवला. मी वहीत लिहिलं: ‘उत्तरदात्या क्र. ७. आड. १९७२ मध्ये बुजवला.’ फोनवर रेकॉर्डिंगही केलं. पुढे एका चर्चासत्रात हे मांडलं तर एका प्राध्यापकांनी विचारलं, याची कुठे नोंद आहे का? नोंद नव्हती. मी घाबरले आणि ते पानच काढून टाकलं. काही दिवसांनी फोनची मेमरी भरली तेव्हा ते रेकॉर्डिंगही गेलं. मी स्वतःच पुसलं.

फ्रँकलिनवरचं वाचायला लागले तेव्हा एका रात्री ती वही काढून बसले. आणि लक्षात आलं की आजी ‘बहात्तर’ असं म्हणाल्याचं मला आठवतच नाही. त्या ‘त्या दुष्काळात’ म्हणाल्या होत्या. बहात्तर मी लावलं. जालन्यात दुष्काळ म्हटलं की पुस्तकातून आलेल्या माझ्या डोक्यात बहात्तर येतं. पण २०१२-१३ चा दुष्काळही जालन्याने चांगलाच भोगलाय, टँकरच्या रांगा मी स्वतः पाहिल्यात. आड चाळीस वर्षं आधी बुजला की नंतर, हे माझ्या कामात मोठं अंतर आहे. नळाचं आणि बोअरचं पाणी आल्यावर आड नकोसा झाला, की आड गेल्यावर लोक नळाकडे वळले, सगळं प्रकरण त्यावर उलटंसुलटं होतं.

प्राध्यापकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्याचं उत्तर द्यायला हवं होतं: लेखी नोंद नाही, एका व्यक्तीचं प्रत्यक्ष पाहिलेलं कथन आहे, त्यांचं वय एवढं, त्या या वाड्यात अमुक सालापासून राहतात, त्यांचे शब्द असे. ते मला देता आलं नाही, कारण शब्द माझ्याकडे नव्हते. माझ्याकडे माझा सारांश होता.

आजी गेल्या वर्षी वारल्या.

गेल्या पंधरवड्यात मी त्यांच्या सुनेकडे जाऊन आले. मावशींना तो आड माहीत होता. ‘मी लग्न होऊन आले तव्हाच त्यात पाणी नव्हतं, नुसता कचरा पडायचा,’ म्हणाल्या. लग्न कधी झालं? ‘किल्लारीचा भूकंप झाला ना, त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात.’ भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, म्हणजे लग्न १९९४ च्या उन्हाळ्यात. तेव्हा आड आटलेला होता, पण बुजवलेला नव्हता, कचरा पडायला जागा होती. म्हणजे माझं ‘१९७२ मध्ये बुजवला’ तर गेलंच. पण पलीकडच्या गल्लीतल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, आड त्या वाड्यामागे नव्हताच, मशिदीच्या अंगाला होता, आणि तो आम्ही पोरांनीच दगड टाकून भरला. एकच आड की दोन? काका कुठल्या आडाबद्दल बोलतायत?

यावेळी मी तिघांचं वेगवेगळ्या पानांवर लिहिलंय. वर नाव (प्रबंधात बदलेन), वय, तारीख, कुठे बसून बोललो, आणखी कोण हजर होतं. काका बोलत असताना त्यांचा मुलगा मध्येमध्ये दुरुस्त करत होता, तेही लिहिलंय. पहिलं पान मात्र रिकामंच आहे. त्यावर एवढंच आहे: ‘आजी. शब्द उपलब्ध नाहीत. सारांश संशोधिकेचा, साल संशोधिकेने घातलेलं.’ गाईडना दाखवलं तर म्हणाल्या, हे प्रबंधात असंच ठेव. व्हायवाला कुणीतरी विचारणारच आहे.

पुढच्या आठवड्यात नगरपालिकेच्या जुन्या नकाशांसाठी अर्ज करणार आहे. नकाशा मिळाला तरी तो कुणी काढला आणि आळीत फिरून काढला की टेबलावर बसून, हे आधी बघेन.